श्री. मिसिंग यांची कन्या

सांगलीत विश्रामबागेतलं एक मंगल कार्यालय. स्टेजवर झेंडूची कमान, मागं मोठा पडदा. आमच्या कंपनीचा वर्धापनदिन. कंपनी म्हणजे एका दुकानाच्या वरचा मजला आणि शाळा-कॉलेजांसाठी प्रोग्राम लिहून देणारी आम्ही दहा-बारा माणसं. पण मालकांना, ज्यांना आम्ही सर म्हणायचो, हौस दांडगी. यंदा त्यांनी सगळ्यांच्या आईवडलांना बोलावलं होतं. पडद्यावर एकेकाचं नाव झळकायचं, अमुक यांचे चिरंजीव, तमुक यांची कन्या. मग वडलांनी लेकराला घेऊन स्टेजवर यायचं. वडलांना शाल-श्रीफळ, लेकराला गुलाबाचं फूल.

माझी आई तिसऱ्या रांगेत बसली होती. ती हळदीच्या गोदामात हळकुंडं निवडायला जाते. त्या दिवशी तिनं खाडा केला होता, शेजारणीची इस्त्री आणून साडीवर फिरवली होती, आणि साबणानं हात घासून घासून लाल केले होते. पिवळा रंग तरी नखांत उरला होताच. आईचे हात लग्नात पिवळे झाले नाहीत, गोदामात झाले.

माझं नाव आलं. आडनाव आलं. पुढं ‘श्री.’ आलं. आणि मग टक्क्याची खूण, उद्गारचिन्ह, आणि कंसात ठळक अक्षरांत एक इंग्रजी शब्द. मिसिंग. त्याच्यापुढं पुन्हा मराठीत, ‘यांची कन्या’.

श्री. मिसिंग यांची कन्या.

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग सरांनी माईक तोंडाजवळ घेतला.

“अरेच्चा! हिचे वडील मिसिंग आहेत वाटतं. बघा रे, बाहेर कुठं पान खात उभे असतील!”

सभागृह हसलं. मागून कुणीतरी शिट्टी मारली. मी स्टेजच्या पायरीवर एक पाय ठेवून उभी. वर जावं की मागं फिरावं कळेना. मी मान खाली घातली, आणि खाली घालता घालता मला आई दिसली. ती हसणाऱ्यांकडं बघत होती. एकेकाकडं, नीट, ओळख ठेवावी तसं. तिनं मान खाली घातली नव्हती.

मी एकटी वर गेले. फूल घेतलं. माझ्या वाट्याची शाल सरांच्या बायकोनं उचलली होती, ती तिनं परत ढिगावर ठेवली.

माझ्यानंतर ऋतुजा.

ऋतुजा माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. आष्ट्याकडची. घरचा ऊस, वडील फौजेतून सुभेदार होऊन आलेले, पांढऱ्या मिशा, कडक इस्त्रीचा शर्ट. पडद्यावर तिचं नाव आलं आणि खाली, श्री. जयसिंगराव यांची कन्या. सुभेदार उठले. लेकीच्या खांद्यावर हात ठेवून स्टेज चढले. टाळ्या काय, फोटो काय! खाली उतरल्यावर त्यांनी मिळालेली शाल लेकीच्याच अंगावर घातली आणि म्हणाले, “थंडी वाजतीया व्हय गं? एसी लय गार ठेवलाय.”

मी जळले. दुसरा शब्द नाही. मला त्या शालीचा हेवा वाटला नाही. मला त्या साध्या प्रश्नाचा हेवा वाटला. थंडी वाजते का, असं मला कुठल्या पुरुषानं आजवर विचारलं नव्हतं.

पडद्यावरचा तो प्रोग्राम लिहिला होता ऋतुजानंच.

त्यात नेमकं काय बिघडलं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. लग्नाच्या छापील पत्रिकेवर पाहुण्याच्या नावासाठी टिंबटिंब सोडलेलं असतं, तसंच आमच्या कामात वाक्य आधी तयार करून ठेवतात. त्यात जागा सोडतात. मग त्या जागांत भरायच्या गोष्टी ओळीनं द्यायच्या. नाव, आडनाव, वडलांचं नाव. जागा तीन सोडल्या आणि गोष्टी दोनच दिल्या, तर काय करायचं हे प्रोग्रामिंगची प्रत्येक भाषा आपापलं ठरवते. काही भाषा जागेवर बसकण मारतात. आधी सगळं द्या, मगच पुढं जाईन म्हणतात. काही गुपचूप रिकामं सोडून देतात. आमच्या कंपनीत वापरायचो ती भाषा थांबतही नाही आणि झाकतही नाही. ती पुढं जाते, आणि जिथं कमी पडलं तिथं लिहून ठेवते, मिसिंग. तपासणाऱ्याला दिसावं म्हणून. ऋतुजानं तपासलंच नव्हतं. वडलांचं नाव नसलेलं माणूस असू शकतं, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. का यावं? तिच्या आयुष्यात कुठली जागा कधी रिकामी राहिली होती?

सर तिला काय म्हणाले? “होतं गं असं. लेकरू आहेस अजून.” माझ्याहून ती दोन वर्षांनी मोठी. माझ्याकडून एकदा नुसता स्वल्पविराम राहिला होता तर मला सगळ्यांसमोर ऐकवलं होतं, “लक्ष कुठं असतं तुझं? उपकार म्हणून घेतलंय तुला.”

आमचं मूळ गाव वाळवा तालुक्यात. आमचं घर गावात नाही, ओढ्यापलीकडच्या वस्तीत. जात वेगळी सांगायची गरज नाही, ओढ्यापलीकडं म्हटलं की लोकांना कळतं. माझा बाप ओढ्याच्या अलीकडचा. मोठं घर, मोठी विहीर, दाराला नाव कोरलेली पाटी. त्यानं आईला शब्द दिला होता. मग जातीतली, तोलामोलाची बायको केली आणि शब्द विसरला. मी पोटात होते. गावानं बोट कुणाकडं दाखवलं हे सांगायला नको. चोर सोडून संन्याशाला फाशी.

मला शाळेत घालायला आई गेली तेव्हा गुरुजींनी वडलांचं नाव विचारलं. सगळ्यांनी आईला शिकवून पाठवलं होतं. मामाचं नाव लाव, आजोबाचं लाव, कुणाचं तरी लाव, पण मोकळं ठेवू नको. आई म्हणाली, “मोकळंच ऱ्हावू द्या गुरुजी. खोटं घालायचं न्हाई आणि खरं सांगितलं तर तुमीच लिवणार न्हाई.” गुरुजींनी तिथं आडवी रेघ मारली.

त्या रेघेनं माझा पिच्छा पुरवला. हजेरी घेताना बाकीच्या पोरींची नावं तालात जायची, माझ्या नावापाशी गुरुजी अडखळायचे. वर्ग हसायचा. मी घरी येऊन आईशी भांडायचे. लावायचं होतंस की गं कुणाचंही! आई भाकरी थापत राहायची.

एकदा गावच्या यात्रेत मी त्याला पाहिलं. बापाला. त्याच्या खांद्यावर त्याची लेक बसली होती, माझ्याच वयाची, हातात पिपाणी. तिला उंचावरून पालखी दिसत होती. मला लोकांच्या पाठी दिसत होत्या. मी घरी येऊन आईला म्हटलं, मला पिपाणी पाहिजे. आईनं आणून दिली. मी ती मोडून टाकली. पिपाणी नको होती मला. मला तो खांदा पाहिजे होता.

मोठी झाले, शिकले, संगणकाचं शिक्षण घेतलं. हेवा माझ्याबरोबर मोठा झाला. बापाच्या गाडीवरून उतरणारी पोरगी दिसली की माझ्या डोळ्यांत खुपायची. ऋतुजाला सुभेदार रोज स्कूटरवरून सोडायचे. डबा विसरला तर परत घेऊन यायचे. ती कंटाळून म्हणायची, “आमचे पप्पा ना, लय मागं लागतात बाई.” मला वाटायचं, उठून एक थोबाडीत द्यावी.

वर्धापनदिनाच्या दुसऱ्या दिवशी सरांनी मला बोलावलं. माफी वगैरे काही नाही.

“ते कालचं दुरुस्त करून टाक. पुढच्या आठवड्यात साताऱ्याला संस्थेचा कार्यक्रम आहे, तिथं असा घोळ नको.”

मी म्हटलं, “सर, तो प्रोग्राम ऋतुजाचा आहे.”

“पण अडचण तुझी आहे ना? मग तूच सोडव.”

साताऱ्याच्या त्या शिक्षणसंस्थेच्या जिल्हाभर शाळा. दहावीला त्यांच्या शाळांतून पहिल्या आलेल्या मुलींचा सत्कार होता. सत्काराबरोबर साताऱ्यातल्या वसतिगृहात राहण्याचं पत्र मिळायचं, अकरावी-बारावीला राहणं-जेवण फुकट. नियम असा, की त्या दिवशी स्टेजवर येऊन पत्र घ्यायचं. जी आली नाही तिची जागा दुसरीला. निरोप आमच्या प्रोग्राममधून जाणार, स्टेजवर वाचायची नावंही त्यातूनच येणार, पत्रंही त्यातूनच छापणार. सगळ्याला एकच साचा. श्री. अमुक यांची कन्या.

मी काम उघडलं. शाळांनी पाठवलेली नावं बघितली. त्यात काही मुली होत्या ज्यांच्या बापाच्या जागी काहीच नव्हतं. एक नाव डोक्यात बसलं. पूनम. वाईजवळच्या एका शाळेतली. आईचं नाव शेवंता. बापाची जागा मोकळी. कुणीतरी तिच्याही वेळी मोकळं ठेवा म्हणालं असणार.

तेवढ्यात ऋतुजा जेवणाआधी हात धुवायला उठली. तिच्या टेबलावर वडलांनी आणलेला डबा, त्याला पांढरा स्वच्छ रुमाल बांधलेला. आणि माझ्या मनात आलं ते आलं. मी माझ्या यंत्रावर ऋतुजाची माहिती उघडली. जयसिंगराव हे नाव उडवलं. प्रोग्राम चालवला.

श्री. मिसिंग यांची कन्या.

बघत बसले. सुभेदार तिकडं आष्ट्यात मिशांना पीळ देत जिवंत होते, आणि इकडं यंत्र त्यांना मिसिंग म्हणत होतं. यंत्राला त्यांची स्कूटर ठाऊक नाही, शाल ठाऊक नाही. माझ्या बापासाठी जो शब्द तोच त्यांच्यासाठी. मला आधी गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू. बघ म्हटलं, आता तू पण माझ्या रांगेत.

मग गंमत म्हणून मी उलटं केलं. माझं नाव घेतलं, आणि साच्यातून ‘श्री. अमुक यांची कन्या’ एवढा तुकडाच काढून टाकला. चालवला.

पडद्यावर माझं नाव आलं. आडनाव आलं. बस. कुठं टक्का नाही, उद्गारचिन्ह नाही. काही कमी नाही.

एवढंच होतं? जागा कुणीतरी सोडली होती म्हणून मी अपुरी होते. वाक्यानं मागितलं म्हणून माझ्याकडं नव्हतं. मागितलंच नसतं तर मी जन्मापासून पुरी होते. शाळेतली रेघ माझ्यावर मारलेली नव्हती, ती त्या छापील जागेवर मारलेली होती. आणि मी आयुष्यभर ती कपाळावर घेऊन फिरत होते.

मी ऋतुजाच्या बापाचं नाव परत होतं तसं लिहिलं आणि सरांच्या केबिनमध्ये गेले. तिथं संस्थेचे एक पदाधिकारी चहा घेत बसले होते. पांढरे कपडे, कपाळाला गंध, हातात दोन अंगठ्या.

मी म्हटलं, “सर, साच्यातून वडलांचं काढून टाकू या. मुलीचं नाव, आडनाव, शाळा. पुरे.”

सर पाहुण्यांकडं बघून हसले. “आमच्याकडची हुशार मुलगी आहे. पण जरा हळवी आहे.” मग माझ्याकडं वळून, “वडलांचा मान कसा काढायचा? त्यांच्यासाठी तर शाली घेतल्यात. तू असं कर, ज्यांचं नाव अपुरं आहे ती नोंद प्रोग्रामनं गाळायची. निरोप नको, स्टेज नको, पत्र नको. प्रश्न मिटला.”

“सर, मुली गळतील.”

“किती गळणार? चार-दोन.”

“वसतिगृहाची जागा जाईल त्यांची.”

“जागा रिकामी थोडीच राहणार आहे? दुसऱ्या मुली आहेत की.”

“निदान ज्यांना वडलांचं नाव नाही त्यांच्या आईचं नाव वाचा.”

पदाधिकाऱ्यांनी कप खाली ठेवला. ते रागावले नव्हते. मजेत होते. त्यांचं वाक्य मी अक्षर न अक्षर लक्षात ठेवलंय.

“बाई, आईवरून शिव्या देतात. सत्कार करत नाहीत.”

सर मोठ्यानं हसले. कालच्यासारखेच. आणि मला आई आठवली, एकेकाकडं बघणारी. मी खाली बघायचं बंद केलं.

“मी हे लिहिणार नाही,” मी म्हटलं.

“काय?”

“गाळायचं मी लिहिणार नाही.”

“मग घरी बस.”

“बसते.”

सरांनी दारातून हाक मारली. “ऋतुजा, जरा ये गं बाळ.” बाळ! आणि तिनं ते लिहून टाकलं. चहाचा दुसरा कप संपायच्या आत. मी माझी पिशवी भरत होते तेव्हा ती माझ्याजवळ आली. “अगं, एवढं काय मनावर घेतेस? एक शब्द तर होता.” तिला खरंच कळत नव्हतं. ज्याचं जळतं त्याला कळतं. तिचं काहीच जळत नव्हतं. मला तिच्या त्या न कळण्याचाही हेवा वाटला.

घरी आईला सांगितलं. मला वाटलं होतं पाठ थोपटेल. ती भडकली.

“काम सोडून आलीस? आता काय माज्यासंगं हळदीत बसतीस? एवढं शिकवलं ते कशासाटनं?”

मी पण तोंड सोडलं. “तू एक नाव लावलं असतंस तर आज ही वेळ आली नसती.”

“कुणाचं लावू? ज्यानं वळख दावली न्हाई त्येचं? का माज्या बाचं, ज्यो कुऱ्हाड घिऊन माज्या मागं पळाला हुता?” आईचा आवाज फाटला. “त्या जागंवर कुणाचाबी हक्क न्हाई. म्हणून मोकळी ठिवली. लाज त्येला वाटाया पायजे. तुला का वाटतीया?”

मी तिला पूनमचं सांगितलं. गाळलेल्यांतली म्हणून. आईनं हातातलं काम बाजूला सारलं. मग म्हणाली, “मग हितं काय बसलीस? त्या पोरीला कोण सांगणार?”

मी शाळेला फोन लावला. तिथल्या बाई चांगल्या निघाल्या. संस्थेकडून निरोप आला नाही म्हणून त्याही कोड्यात होत्या. त्यांनी शेवंताबाईंशी बोलणं करून दिलं. त्या महाबळेश्वराकडं स्ट्रॉबेरीच्या शेतावर कामाला. मागं वारा घोंघावत होता.

मी म्हटलं, “तुमची मुलगी शाळेत पहिली आली आहे. साताऱ्याला सत्कार आहे. तिला घेऊन या.”

“पर निरोप न्हाई आला ताई. न बोलावता कसं यायचं?”

“मी बोलावते आहे.”

“तुमी कोण म्हनायच्या?”

कोण म्हणायची मी? कंपनीची नव्हते, संस्थेची नव्हते. “मी पण तशीच,” मी म्हटलं. शेवंताबाईंनी पुढं काही विचारलं नाही. मीही पूनमच्या बापाबद्दल विचारलं नाही. मला कुणी विचारलेलं कधी आवडलं नव्हतं.

इतर मुलींना मी गाठू शकले नाही. त्यांच्या शाळांनी फोन ठेवून दिले. संस्थेचं ठरलंय, आम्ही कोण मध्ये पडणार, म्हणाले. हे मला आजही सलतं.

साताऱ्याच्या स्टँडवर मायलेकी भेटल्या. पूनम बारकी, तेल लावून घट्ट दोन वेण्या, शाळेचाच गणवेश. शेवंताबाईंच्या बोटांच्या पेरांत मातीच्या काळ्या रेघा. मला त्या बोटांकडं बघून घरची आठवण झाली. आम्ही सभागृहात मागच्या बाजूला बसलो. पुढं जायला शेवंताबाई तयार नव्हत्या.

स्टेजवर तेच पदाधिकारी. बाजूला सर. कोपऱ्यात टेबलावर ऋतुजा, समोर प्रोग्राम. पडदा छान चालत होता. श्री. अमुक यांची कन्या. श्री. तमुक यांची कन्या. बाप उठत होते, कुणी धोतरातला, कुणी सफारीतला. लेकीला पुढं घालून चढत होते. शाल, नारळ, पत्र, फोटो. प्रत्येक लेकीचा मला हेवा वाटला, अगदी एक म्हातारा बाप जिच्या आधारानं पायऱ्या चढला तिचासुद्धा.

नावं संपली. निवेदक म्हणाले, “यानंतर आभार.”

मी उभी राहिले.

“एक नाव राहिलं.”

सगळ्या माना मागं वळल्या. शेवंताबाईंनी माझा दंड धरला. “आवं ताई, बसा की. लोकं बघत्यात.”

बघू देत. बघण्याची भीती मी सरांच्या केबिनमध्येच संपवली होती. मी मोठ्यानं पूनमचं नाव घेतलं, शाळेचं नाव घेतलं, आणि म्हटलं, “शेवंताबाईंची लेक. तिच्या शाळेत पहिली आली आहे. तिचं नाव गाळलं आहे. चुकून नाही. गाळायला सांगितलं होतं, तेव्हा मी समोर उभी होते.”

सर खुर्चीतून अर्धे उठले. “कार्यक्रम संपला आहे. तू इथं काय करतेस?”

“राहिलेलं वाचते आहे.”

सभागृहात कुजबुज झाली. पुढच्या रांगेतला कुणी बाप म्हणाला, “आवं मग द्या की त्या पोरीला. पहिली आलीया म्हणत्यात न्हवं?” दुसरा म्हणाला, “व्हय, द्या द्या.” पदाधिकाऱ्यांनी चेहऱ्यावर हसू आणलं. लोकांसमोर दुसरं काय करणार? हात हलवून बोलावलं.

मला वाटलं, मलाच पूनमला धरून न्यावं लागेल. ती कधीच उठली होती. आईच्या हाताला धरून ओढत निघाली होती. शेवंताबाई पदर सावरत, अंग चोरत मागं मागं. मी त्यांच्या मागून स्टेजपाशी गेले.

शाल नव्हती. नारळ नव्हता. बापांच्या हिशेबानं आणलेले, ते संपले होते. पत्रही छापलेलं नव्हतं.

“पत्र मागाहून पाठवू,” पदाधिकारी म्हणाले.

“आत्ता द्या,” मी म्हटलं. “हातानं लिहून द्या.”

त्यांनी पत्राचा न भरलेला छापील नमुना घेतला, पेन काढलं. पूनमचं नाव लिहिलं, आडनाव लिहिलं. पुढं छापलेलं होतंच, ‘श्री.’, मग टिंबं, मग ‘यांची कन्या’. पेन तिथं थांबलं. त्यांनी वर बघितलं. माईक जवळच होता, त्यांचा आवाज सभागृहभर गेला.

“इथं काय लिहू?”

शेवंताबाईंनी मान खाली घातली. मी तोंड उघडलं. मला वाटत होतं आईचं नाव सांगावं. पण माझ्या आधी पूनम बोलली. बारीक आवाज, पण स्वच्छ.

“ते खोडा.”

“अं?”

“त्यात भरू नका काही. ते सगळंच खोडा.”

आणि त्यांनी खोडलं. अंगठ्या घातलेल्या हातानं, ‘श्री.’पासून ‘कन्या’पर्यंत. खाली सही केली. पूनमनं पत्र घेतलं, नीट वाचलं, आणि आईच्या हातात दिलं.

टाळ्या फार वाजल्या नाहीत. मी सांगते आहे तशा गोष्टींना टाळ्या वाजत नाहीत.

मला त्या पोरीचा हेवा वाटला. आयुष्यात वाटला नसेल एवढा. मला जे कळायला शाळा गेली, कॉलेज गेलं, नोकरी गेली, ते ती दोन वेण्या घालून, सभागृहासमोर, दोन शब्दांत म्हणाली. माझ्या गुरुजींनी रेघ मारली तेव्हा मला कुठं बोलता आलं होतं?

ऋतुजा कोपऱ्यातून बघत होती. बाहेर तिचे वडील तिला न्यायला उभे असणार. तिनं माझ्याकडं बघून नजर खाली केली. मी केली नाही.

मला दुसरं काम अजून मिळालेलं नाही. आमच्या धंद्यात सांगली-सातारा लहान आहे आणि सरांची ओळख मोठी. दिवसा मी आईबरोबर गोदामात जाते. माझीही नखं पिवळी झाली आहेत. हेवा गेला का? नाही. गाडीवर बापाला बिलगून बसलेली पोरगी दिसली की आजही जळतं. जळू दे. बाप नसल्याचं दुःख माझं आहे, त्याची लाज माझी नाही. या दोन्हींची मी आता गल्लत करणार नाही.

मुलाखतीला गेले की विचारतात, वडलांचं नाव? मी म्हणते, ते खोडा. काही जण मलाच खोडतात. चालेल.

पूनमला पत्र मिळालं. बाकीच्यांना मिळालं नाही. त्या कुठल्या शाळेत होत्या, मला माहीत आहे. पुढच्या वर्षीही संस्था सत्कार ठेवणार आहे, आणि साचा तोच आहे. पहिल्या आलेल्या मुलींची नावं मी आधीच शाळाशाळांत विचारून ठेवणार आहे. बोलावणं येवो न येवो, मी जाणार आहे. मागच्या रांगेत बसणार आहे. नावं संपेपर्यंत ऐकणार आहे. आणि निवेदकानं आभार म्हटलं की उभी राहणार आहे.